निरोप कुणाच्या हाती द्यावा

आनुवंशिक आजारांचे समुपदेशन करणारी ती मुलगी माझ्या लेकीपेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने ती आमचे घराणे काढत होती. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, ज्यांना कर्करोग झाला त्यांचा आकार काळा करायचा आणि जे हयात नाहीत त्यांच्यावर तिरकी रेघ ओढायची, अशी तिची पद्धत होती. आजीचा गोल झाला, त्याखाली मामाचा चौकोन, आईचा आणि मावशीचा गोल. आईचा स्तनांसाठी काळा झाला, मावशीचा अंडाशयासाठी, आणि मावशीवर तिरकी रेघही आली. आई माझ्या शेजारच्या खुर्चीत, केमोनंतर नुकत्याच उगवू लागलेल्या केसांवरून रुमाल बांधून, शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला बसल्यासारखी ते सगळे पाहत होती. मग माझा गोल आला. "तुम्हाला मुलं किती?" असे तिने विचारले आणि मी "एक मुलगी" म्हणाले. तिने माझ्याखाली छोटा गोल काढला. ती पेन्सिल उचलणार तेवढ्यात मी म्हणाले, "2011 मध्ये मी एग डोनेट केली होती. तेही यात धरायचं का?" तिने मान वर केली. "त्यातून मूल झालं का?" "माहीत नाही." ती क्षणभर थांबली आणि तिने माझ्या लेकीच्या गोलाशेजारी, थोडे अंतर सोडून, पत्त्यांतल्या चौकटचा आकार काढला. मुलगा की मुलगी ते ठाऊक नसते तेव्हा तो काढतात, असे तिने सांगितले, आणि त्याच्या आत एक प्रश्नचिन्ह लिहिले.

आईला हे तोपर्यंत ठाऊक नव्हते.

रिक्षा तीन हात नाक्यापर्यंत येईतो ती काहीच बोलली नाही. सिग्नलला थांबल्यावर समोरच्या बसकडे पाहत तिने विचारले, "पैशासाठी?" मी हो म्हणाले. "मला मागायचे होतेस," ती म्हणाली. आता तिला काय सांगणार, की त्या वर्षी बाबांच्या बायपासनंतर तिच्याकडे मागण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटत नव्हते, आणि तसे असते तरी जावयाच्या धंद्याचे कर्ज सासुरवाडीच्या पैशांतून फेडले गेलेले आमच्या घरात कुणालाच रुचले नसते. घर आले तेव्हा उतरता उतरता ती म्हणाली, "म्हणजे माझं आणखी एक नातवंड कुठेतरी असेल, आणि मी त्यालाही हे देऊन ठेवलं असेल." जनुकाच्या दोषाचे नाव तिला उच्चारता येत नाही, ती त्याला 'हे' म्हणते. आमच्या घरातले 'हे' म्हणजे बीआरसीए-1 या जनुकातला दोष. तो आईत निघाला, मग माझ्यात निघाला. तो ज्या बाईत असतो तिला आयुष्यभरात स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता साठ टक्क्यांहून अधिक असते, अंडाशयाच्या कर्करोगाचीही बरीच असते, आणि तो मुलाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते, मग मुलगा असो की मुलगी. मुलग्याला तो मिळाला तर त्याच्याकडून पुढे त्याच्या मुलींना मिळू शकतो.

त्या चौकटीने मला त्रास दिला तो कसा, हे नीट सांगायला हवे, कारण बीजदान केलेल्या, म्हणजे दुसऱ्या जोडप्याला मूल व्हावे म्हणून आपली एग दिलेल्या, बाईच्या त्रासाबद्दल लोकांची एक ठरीव कल्पना असते. आपले मूल कुठेतरी वाढते आहे, आपल्याला त्याची ओढ लागली आहे, रस्त्यात प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यात आपण स्वतःचे नाक शोधत आहोत, असे काहीतरी त्यांना अपेक्षित असते. माझे तसे कधी झाले नाही. मी दिले ते एका पेशीचे दान होते, मूल दुसऱ्या कुणीतरी नऊ महिने वाढवले आणि जन्माला घातले असेल, त्याच्या तापात ती बाई जागली असेल, आणि ती त्याची आई आहे याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. मला ते मूल नको आहे. मला त्याच्या घरी एक निरोप पोहोचवायचा आहे, आणि तो पोहोचवण्याची वाट कुठेही नाही.

त्या वर्षी माझे वय सव्वीस होते आणि लेक तीन वर्षांची. आमच्या इमारतीत शिवणकाम करणारी एक बाई होती, तिने स्वतः पूर्वी एग दिली होती आणि आता ती इतर बायकांना घेऊन जात असे. तिला कुणी एजंट म्हटलेले आवडत नसे. "पुण्याचं काम आहे, वर तीन महिन्यांचं घरभाडं सुटतं," असे ती म्हणायची. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. नवऱ्याने सही केली, पण त्या सगळ्या काळात तो माझ्याशी काहीसा पाहुण्यासारखा वागला, चहा करून द्यायचा आणि डोळे चुकवायचा. आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या, एचआयव्ही, कावीळ, थॅलेसेमिया, आणि मग घराण्याच्या आजारांचा एक छापील फॉर्म आला. घरात कुणाला कर्करोग, या प्रश्नासमोर मी 'नाही' लिहिले आणि ते त्या दिवशी खरे होते. मावशीच्या पोटात पाणी धरू लागले ते त्यानंतर पाच वर्षांनी, आणि आईची गाठ त्याहून पुष्कळ नंतरची.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शने सुरू झाली. बेंबीच्या बाजूला चिमटीत कातडी धरायची, आधी बर्फ फिरवायचा, आणि सुई सरळ आत. इंजेक्शनांचा डबा फ्रीजमध्ये ठेवायचा होता आणि आमच्या लहानशा फ्रीजमध्ये तो नेमका अंड्यांच्याच खणात बसला. या योगायोगावर मी आणि शिवणकामवाल्या ताई खूप हसलो होतो. ज्यांच्या घरी फ्रीज नव्हता त्या बायका रोज क्लिनिकमध्ये येऊन टोचून घेत. तिथल्या बाकावर माझी त्यांच्याशी ओळख झाली. एकीला खोलीचे डिपॉझिट भरायचे होते, एकीला दिराने अडकवलेले मंगळसूत्र सोडवायचे होते, एकीने सासूला सांगितले होते की पिशवीला सूज आहे म्हणून उपचार चालू आहेत. एक फार कमी बोलणारी मुलगी होती. तिने एकदाच मला विचारले, "ताई, आपली संपत नाहीत ना?" तिला भीती होती की पुढे लग्नानंतर स्वतःसाठी काही उरायचे नाही. मी तिला जे वाचले होते ते सांगितले, की मुलगी जन्मते तेव्हा तिच्याजवळ दहा-वीस लाख बीजे असतात, वयात येईतो त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. दर महिन्याला एक पिकते तेव्हा तिच्यासोबत वाढू लागलेली इतर मागे पडतात, आणि इंजेक्शनाने त्या मागे पडणाऱ्यांना वाढवून घेतात. "म्हणजे वाया जाणारीच देतो," ती म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला.

त्या इंजेक्शनांविषयी मला फार उशिरा कळलेली एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या संप्रेरकाने बीजे वाढतात ते पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून भरपूर बाहेर पडते, आणि ते औषध म्हणून पहिल्यांदा तयार झाले ते इटलीत, मठांतल्या वृद्ध ख्रिस्ती जोगिणींची लघवी गोळा करून. ज्यांनी मूल न होऊ देण्याचे व्रत घेतले होते त्यांच्या शरीरातून निघालेल्या द्रव्याने जगातल्या कितीतरी मुलांचा जन्म घडवला. यात इतकी माणसे गुंतलेली असतात, आणि एकमेकांना कुणीच ओळखत नाही.

आठवड्याभराने पोट फुगू लागले. सलवारीची नाडी सैल करून बांधावी लागे, रिक्षा खड्ड्यातून गेली की आत काहीतरी डुचमळे. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळी वर्तुळे दिसत, डॉक्टर त्यांची मापे मोठ्याने सांगत आणि सिस्टर लिहून घेई, सोळा, सतरा, अठरा मिलिमीटर. गंमत अशी की प्रत्येक वर्तुळाच्या आतले बीज मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असते, तरीही ते माणसाच्या शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या पेशींपैकी एक. वर्तुळे पुरेशी वाढल्यावर रात्री ठरलेल्या मिनिटाला शेवटचे इंजेक्शन घ्यायचे आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीजे काढायची, उशीर झाला तर ती सुटून जातात. ती रात्र मला आठवते, कारण घड्याळाकडे पाहत जागे राहण्यात एक विचित्र उत्साह होता, आणि तो उत्साह पैशांचा नव्हता. कुणीतरी आपली वाट पाहते आहे असे वाटत होते. शहरात कुठेतरी एक बाई तिच्या गोळ्या घेऊन, माझ्या तारखांशी स्वतःच्या तारखा जुळवून, याच घड्याळाकडे बघत असेल. ती कोण ते मला कधी कळले नाही, पण त्या रात्रीइतकी जवळची मैत्रीण मला क्वचितच लाभली असेल.

भुलीतून जागी झाले तेव्हा घशाला कोरड होती आणि ओटीपोटात पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कळ. सिस्टर म्हणाली, "छान निघाली, दहाच्या वर." मला अभिमान वाटला. परीक्षेत चांगले गुण मिळाल्यासारखा हा अभिमान नेमका कशाचा, ते मला आजवर कळलेले नाही. नंतरचे काही दिवस पोट आणखी फुगले, वजन वाढले, पायऱ्या चढताना दम लागला, आणि मग हळूहळू ते ओसरले. माझ्याबरोबरच्या एकीला मात्र पोटात पाणी साठून दाखल व्हावे लागले होते. मला त्यानंतर त्या क्लिनिकमधून कधीही, एकदाही, कशी आहेस म्हणून फोन आला नाही. तेव्हा त्याचे वाईट वाटले नाही. पैसे मिळाले होते, पावती नव्हती, आणि व्यवहार दोन्हीकडून पुरा झाला असे मीही धरून चालले होते.

पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, वर्तमानपत्रांत मुंबईतल्या एका मुलीची बातमी गाजली. भंगाराच्या कारखान्यात काम करणारी, सतरा वर्षांची. ती 2010 मध्ये बीजदानानंतर वारली होती आणि आता प्रकरण उच्च न्यायालयात आले होते. 2014 मध्ये दिल्लीत एक तरुण आई अशीच गेली. 2022 मध्ये तमिळनाडूतल्या ईरोडमध्ये सोळा वर्षांच्या मुलीची बीजे तिच्या आईनेच, आधार कार्डावर वय वाढवून, पुन्हा पुन्हा विकल्याचे उघड झाले. प्रत्येक बातमी वाचताना मला ती कमी बोलणारी मुलगी आठवते. तिचे वय मी विचारले नव्हते, आणि तिने जे सांगितले असते ते खरे असतेच असे नाही.

आता कायदा आला आहे. 2021 च्या सहाय्यित जननतंत्रज्ञान कायद्याप्रमाणे बीजदान करणारी बाई तेवीस ते पस्तीस वर्षांची असावी लागते, ती आयुष्यात एकदाच बीजे देऊ शकते, सातांहून जास्त काढायची नाहीत, ती एकाच जोडप्याला द्यायची, आणि तिचा बारा महिन्यांचा आरोग्य विमा उतरवायचा. सातच्या मर्यादेवर डॉक्टर कुरकुरतात, कारण औषधाला सात मोजून थांबता येत नाही, पण त्या बाकावर बसलेल्या बायकांचा विचार केला तर मला हा कायदा आवश्यकच वाटतो. विम्याचे ते बारा महिने मात्र मला हसवतात. बीज देण्याने जे व्हायचे ते बारा महिन्यांत होऊन जाते, हे बहुतांशी ठीक. पण बीजाबरोबर जे जाते ते कळायला आमच्या घरात बारा वर्षे लागली. आपल्याकडच्या व्यवस्थेत माहिती एकदाच, देण्याच्या दिवशी, घेतली जाते. त्या दिवशी मी निरोगी घराण्यातली निरोगी बाई होते आणि त्या क्लिनिकच्या कपाटात मी आजही तशीच आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल मी दोनदा वाचला. एका बाईला सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या होत्या आणि त्यासाठी बीजे तिच्या धाकट्या बहिणीने दिली होती. पुढे संसार फिसकटला, नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला, मेव्हणीही तिथे राहू लागली, आणि मुलींची खरी आई मेव्हणीच, असा दावा नवऱ्याने केला. न्यायालयाने तो मानला नाही. बीज देणारीला फार तर जनुकीय आई म्हणता येईल, त्याहून अधिक कोणताही हक्क तिला नाही, असे ठरले आणि मुलींना भेटण्याचा अधिकार त्या बाईला मिळाला. मला बरे वाटले. माझ्या हातात निकाल लिहायचे असते तर मीही तेच लिहिले असते. हक्क नकोतच. पण हक्काच्या दारासोबत आपण निरोपाची खिडकीही लावून घेतली आहे आणि या दोहोंत फरक करायला कुणाला सुचलेले दिसत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2005 नंतर दान केलेल्या बीजांपासून जन्मलेल्या मुलांना अठराव्या वर्षी दात्याची ओळख मागता येते. इतके मोकळे व्हायची माझीही तयारी नाही, खोटे कशाला बोलू. मी दिली तेव्हा आपल्याकडे जी मार्गदर्शक तत्त्वे होती त्यांतही अठरा वर्षांच्या मुलाला दात्याचे नाव-पत्ता सोडून इतर माहिती मागण्याची सोय होती. मात्र मागायचे असेल तर आधी ठाऊक हवे की आपण असे जन्मलो. आणि आपल्याकडची किती घरे हे मुलांना सांगतात, ते मी सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात माझी शस्त्रक्रिया झाली. लेकरे होऊन गेल्यावर, चाळिशीच्या आत, दोन्ही अंडाशय आणि नलिका काढून टाकाव्यात असा सल्ला अशा बायकांना देतात आणि मी तो मानला. सही करताना मला त्या सोनोग्राफीच्या पडद्यावरची वर्तुळे आठवली. मुलीच्या शरीरातली सगळी बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात, म्हणजे मी दिलेली बीजे 1985 च्या उन्हाळ्यात, आई मला पोटात घेऊन डोंबिवलीहून लोकलने नोकरीला जात होती, तेव्हा घडली होती. भीती आणि उपकार दोन्ही एकाच जागी घडले होते. दुसऱ्या दिवशी आई माझ्या पलंगाशी बसून मोसंबी सोलत होती. अचानक म्हणाली, "त्या घरी कळवायला हवं गं. नाहीतर त्या पोरीला काहीच कळायचं नाही." ती मुलगीच असेल हे तिने परस्पर ठरवून टाकले होते.

मग मी पत्र लिहायला बसले. क्लिनिक त्याच रस्त्यावर आहे, नाव आणि मालक बदलले आहेत. जुन्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते सौजन्याने बोलले. जुन्या फायली सांकेतिक क्रमांकाने आहेत, ते जोडपे आता कुठे असेल सांगता येत नाही, त्यांनी मुलाला सांगितले नसेल तर पत्र त्यांच्यावर वीज कोसळल्यासारखे होईल, आणि तुमच्या बीजांतून गर्भ राहिलाच होता की नाही ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, असे त्यांनी एकामागून एक समजावले. सगळे रास्त होते. "पत्र द्या," ते शेवटी म्हणाले, "फाईलला लावून ठेवतो. त्यांचा कधी संपर्क झाला तर सांगेन."

पत्र मी आधी मराठीत लिहिले, मग इंग्रजीत, कारण त्या घरात मराठी बोलत असतील असे धरून चालण्यात अर्थ नव्हता. दोषाचे नाव, अहवालातली अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे, पंचविशीनंतर कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, मुलाच्या वडिलांच्या बाजूचा याच्याशी संबंध नाही, आणि शक्यता निम्मीच आहे हे दोनदा. लेक सतरा वर्षांची आहे, तिला स्वतःचे 'हे' आहे की नाही ते तपासायला अजून काही वर्षे थांबायचे आहे. तिला मी सगळे सांगितले आहे. तिने पत्र वाचले आणि नाक मुरडले.

"आई, एवढी वर्षं काही नाही आणि एकदम हे? फक्त वाईटच कळवणार का आपण?"

तेव्हा आणखी एक पान झाले. ते बहुतेक तिनेच सांगितले आणि मी लिहिले. आजी साठीला पोहोचेतो तिचे केस काळे होते. पणजी नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत असे. घरात कुणाला मधुमेह नाही. मामा डावखुरा आहे आणि लेकही डावखुरी आहे, तेव्हा हात बांधून उजव्याची सवय लावू नये. दाढा वेड्यावाकड्या येतात, त्या लवकर दाखवाव्यात. पोहायला शिकवलेत तर चटकन शिकेल. बोटीत मात्र उलट्या होतील.

क्लिनिकच्या काउंटरवर मी दोन्ही पाने पाकिटात घालून दिली आणि पोच मागितली. तिथल्या मुलाला पोच म्हणजे काय ते समजेना, पत्राला पोच देण्याची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्याने माझ्या प्रतीवर औषधांच्या चिठ्ठीवर मारतात तो शिक्का मारला, खाली तारीख घातली, आणि विचारले, "पेशंटचं नाव काय लिहू?"